बिनचंद्राचं अस्वल

मांकिचीची बंदूक त्याच्याहून वयाने मोठी होती, आणि त्याच्या मेव्हण्याच्या मते अकलेनेही. मुराता बनावटीची, एका वेळी एकच काडतूस घेणारी, लष्कराने कधीकाळी मोडीत काढलेली. मांकिचीच्या बापाने ती आयुष्यभर कुरोमोरीच्या डोंगरावर वागवली आणि मरताना मुलाच्या हाती दिली. दस्त्यावर जिथे गाल टेकतो तिथलं लाकूड झिजून खळगा पडला होता. खळगा बापाच्या गालाचा होता, पण मांकिचीचा गाल त्यात बरोबर बसायचा. नेम धरताना त्याला बाप आठवायचा. एरवी फारसा आठवायचा नाही, आणि तेवढं त्याला पुरत असे.

महायुद्ध संपून दहाबारा वर्षं झाली होती. आनी खोऱ्यातल्या गावागावांत नव्या रायफली आल्या होत्या. शिकारी टोळीच्या म्होरक्याचा पुतण्या कात्सुमी तर अशी रायफल घेऊन फिरायचा की एकामागून एक पाच गोळ्या सुटाव्यात. मांकिची मात्र अजून घरातल्या चुलीवर शिसं वितळवून गोळ्या ओतायचा आणि पितळी काडतुसांत दारू स्वतःच्या हाताने ठासायचा. बार झाला की समोर असा पांढरा धूर उठायचा की जनावर पडलं की पळालं, हे धूर विरेपर्यंत कळायचं नाही.

"आमच्या मेव्हण्यांची म्हातारी एकदा खोकली की पुढच्या वसंतापर्यंत तिला धाप लागते," असं सेहाची चारचौघांत सांगायचा आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

हा सेहाची म्हणजे मांकिचीच्या धाकट्या बहिणीचा, किनूचा नवरा. तोंडाचा पट्टा एकदा सुटला की त्याला आवर नाही. कानशिलावरचे केस ऐन तिशीत पांढरे झालेले, आवाज फाटक्या ढोलासारखा. किनूने ह्याच्यात काय पाहिलं, हे कोडं मांकिचीला इतक्या वर्षांत सुटलं नव्हतं. बहीण सुखात होती, तीन लेकरं अंगाखांद्यावर खेळत होती, म्हणून तो गप्प बसे इतकंच. हाकारा घालायला मात्र सेहाचीसारखा गडी नाही, हे मांकिचीही कबूल करायचा. खालच्या ओढ्यातून तो ओरडला की माथ्यावरच्या झाडांचं बर्फ गळतं, असं लोक म्हणत. अर्थात लोक काहीही म्हणतात.

आणि मांकिचीसारखा बंदूकवाला नाही, हे सेहाची कबूल करायचा. फक्त मांकिचीसमोर नाही.

एका गोळीच्या माणसाला घाई करून चालत नाही. हाकाऱ्याने उठवलेलं अस्वल चढण धरून वर येतं, वाऱ्यात काही वेगळं लागलं की थबकतं, दोन पायांवर उभं राहून नाक वर करतं. तेव्हा त्याच्या गळ्याखालची पांढरी चंद्रकोर दिसते. पाच गोळ्यावाल्यांना ती दिसली काय अन् न दिसली काय. मांकिचीची सगळी भिस्त त्या चंद्रावर. चंद्राखाली तीन बोटं, बाप सांगायचा, आणि श्वास सोडून दे. जनावर पडलं की म्होरक्याने बंदूकवाल्याला विचारायचं, "कुठे मारलंस?" आणि त्याने म्हणायचं, "चंद्राखाली." गोळी मांडीत लागली असली तरी उत्तर तेच. देवीला ऐकवायचा तो रिवाज होता.

कुरोमोरीची देवी कुरूप आहे आणि तिला ते ठाऊक आहे. म्हणून डोंगरावर बाईमाणूस गेलेलं तिला खपत नाही, आणि बायकोच्या कुशीतून उठून आलेला बाप्याही खपत नाही. शिकारीच्या आधी पुरुषांनी वेगळं निजायचं, पहाटे थंड पाणी ओतून घ्यायचं आणि मग चढायचं. म्होरके तोमेझोआबा छातीशी कागदात गुंडाळलेला एक वाळका मासा नेत. समुद्रातला मासा तो, तोंड असं भयंकर की लहान मुलं दचकून उठावीत. देवीला त्याची नुसती शेपटी दाखवायची आणि म्हणायचं, जनावर दे, मग तोंड दाखवतो. आपल्याहून कुरूप कुणीतरी आहे ह्या आनंदात ती जनावर सोडते. आमच्या आज्या-पणज्यांपासून ती अशी फसत आली आहे. फसते की फसल्याचं सोंग करते, ते तिचं तिला माहीत.

एका बाबतीत मात्र तिच्याशी चालबाजी नाही. अंगावर एकही पांढरा केस नाही, गळ्याखाली चंद्र नाही, असं अस्वल तिचं स्वतःचं. त्याला मारू नये. चुकून मारलंच तर त्याचं मांस, कातडं, औषधाला विकलं जाणारं पित्त काही घ्यायचं नाही, तिथेच पुरायचं. आणि ज्याने मारलं त्याने त्याच दिवशी बंदूक देवीला वाहायची. पुन्हा डोंगरावर पाऊल नाही, जनावरावर हात नाही. असं अस्वल गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. तोमेझोआबांच्या आज्याच्या चुलत्याने म्हणे एक मारलं होतं, आणि तो उरलेला जन्म परसात मुळे लावत बसला. पोरं ही गोष्ट ऐकून हसायची. जाणती माणसं हसायची नाहीत.

त्या वर्षी हिवाळा हटायलाच तयार नव्हता. बीचच्या झाडांना कळ्या आल्या तरी डोंगरावर बर्फ टणक होतं. घराघरांत मिठातला मुळा आणि बाजरीची पेज ह्याखेरीज फारसं काही उरलं नव्हतं. अस्वलं बिळांतून बाहेर पडू लागल्याची खूण मिळाली तेव्हा तोमेझोआबांनी माणसं गोळा केली. आठ जण निघाले. आठ घरं त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसली, कारण आमच्याकडे मांस सारखं वाटलं जातं. मारणाऱ्यालाही तेवढंच, नुसतं ओरडणाऱ्यालाही तेवढंच.

पायथ्याच्या देवळीपाशी सगळे थांबले. आबांनी माशाची शेपटी दाखवली, पुटपुटले, टाळ्या वाजवल्या. मग कामं वाटून दिली. आबा समोरच्या उतारावरून हाताने खुणा करणार. मांकिची आणि कात्सुमी माथ्यावरच्या दोन नाक्यांवर, मध्ये कातळाचा सोंडा. बाकीचे खालून हाकारा घालत वर येणार.

"मेव्हणे," सेहाची निघता निघता म्हणाला, "आज अस्वल थेट तुमच्या मांडीवर आणून बसवतो. म्हातारीला तेवढं जागं ठेवा."

"तू तुझ्या रांगेत राहा," मांकिची म्हणाला. "मागच्या खेपेला सगळ्यांच्या पुढे पळाला होतास."

"पुढे असतो म्हणून तर जनावर उठतं."

आबांनी दोघांकडे पाहिलं तेव्हा दोघेही आपापल्या वाटेला लागले.

मांकिची नाक्यावर पोचला. एका जुन्या बीचच्या बुंध्याआड त्याने बर्फ तुडवून जागा केली, काडतूस भरलं, आणखी दोन काडतुसं डाव्या हाताच्या बोटांमध्ये धरली. समोर उघडा उतार, त्याच्याखाली खुरट्या बांबूची दाट जाळी, जाळीपलीकडे ओढा. ऊन बर्फावरून डोळ्यांत येत होतं. त्याला बरं वाटत होतं. वर्षभर तो शेतात राबायचा, कोळसा पाडायचा, बायकोची बोलणी खायचा, आणि ह्या एका जागी उभा राहिला की आपण कोण आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

खालून हाकारा सुरू झाला. चार-पाच आवाज, आणि त्या सगळ्यांवर सेहाचीचा. तो आवाज रांगेत नव्हता. मांकिचीने कान दिला आणि दातओठ खाल्ले. इतरांच्या कितीतरी पुढे, कितीतरी वर, गडी एकटाच चढत होता. जित्याची खोड, दुसरं काय. थोड्या वेळाने तो जाळीतून उघड्या उतारावर आलेला दिसलाच. मांकिचीकडे पाहून त्याने हात हलवला आणि पुढचं पाऊल टाकलं. पायाखालचं बर्फ वरून टणक पण आतून ओढ्याने पोखरलेलं होतं. सेहाची कमरेपर्यंत आत गेला.

तो हसत होता. दोन्ही हात बर्फावर टेकून अंग वर ओढू बघत होता, निघत नव्हता, आणि हसत होता. मांकिचीला ते हसू अगदी स्पष्ट दिसलं. आणि त्याच्या मागे जाळी हलली.

सेहाची जनावराच्या पुढे निघून गेला होता. अस्वल जाळीत दबून बसलं होतं, हा त्याच्या अंगावरूनच वर आला होता, आणि आता खालच्या हाकाऱ्याने अस्वल उठून नेमकं त्याच्याच मागे बाहेर पडलं. मोठं होतं. वाटेत अडकलेला माणूस पाहून ते थबकलं. सेहाचीला वास आला असावा, कारण त्याने मान वळवली आणि त्याचं हसू गेलं. अस्वल त्याच्या पाठीशी दोन पायांवर उभं राहिलं.

मांकिचीचा गाल खळग्यात बसलेला होता. छाती समोर होती, अंतर फार नव्हतं. सवयीने त्याची नजर गळ्याखाली गेली, चंद्र शोधायला.

चंद्र नव्हता.

त्याने पुन्हा पाहिलं. ऊन सरळ छातीवर पडलं होतं. हनुवटीपासून पोटापर्यंत काळंच काळं. कुठे करडी रेघदेखील नाही. हवेत बार काढावा, असं मनात आलं. बिचकून पळालं तर पळालं. पण नाही पळालं तर? दुसरं काडतूस आत जाईपर्यंत किनूचा नवरा उरायचा नाही. कात्सुमीच्या बाजूने सोंडा आडवा. खालचे लोक अजून जाळीपलीकडे. दुसरं कुणी नव्हतं.

असल्या वेळी माणूस विचार करत नाही, असं सांगणारे बहुधा घरी बसून सांगतात. मांकिचीने विचार केला. बंदूक उद्या आपली नसेल, हे त्याला चाप ओढण्याआधी कळलं होतं. बापाने दिलेली, बापाच्या गालाची. उद्यापासून आपण कुणीच नसू. हे सगळं कळलं, त्याला रडू आल्यासारखं झालं, आणि त्याने श्वास सोडला. खूण नव्हती म्हणून जिथे चंद्र असायला हवा होता तिथून तीन बोटं खाली अंदाजाने मोजली आणि बार टाकला.

धूर विरला तेव्हा अस्वल सेहाचीच्या अंगावर पुढे कोसळलं होतं. सेहाची त्याखाली पडून शिव्या देत होता, म्हणजे जिवंत होता.

जनावर पडलं की बंदूकवाल्याने मोठ्याने हाळी द्यायची असते, म्हणजे सगळ्यांना कळतं. मांकिचीने हाळी दिली नाही. तो बुंध्याआडच उभा राहिला.

लोक धावत आले. त्यांनी अस्वल बाजूला लोटलं, सेहाचीला ओढून काढलं. त्याच्या खांद्यावरचं कातडं फाटलं होतं, बाकी काही नाही. देव तारी त्याला कोण मारी, असं कुणीतरी म्हणालं. आनंद झाला होता सगळ्यांना. जनावर चांगलं भरलेलं होतं, घरटी भरपूर वाटा येणार होता. मग कात्सुमीने त्याला पाठीवर उलथवलं, चंद्र बघायला म्हणून वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला.

एकाने डोक्यावरची टोपी काढली. कात्सुमीने बोटांनी गळ्याखालचे केस विंचरून पाहिले, खालपासून वरपर्यंत, पुन्हा वरपासून खालपर्यंत. तोपर्यंत मांकिची उतरून आला होता. त्याने जनावराकडे पाहिलंही नाही. सगळे त्याच्याकडे पाहू लागले आणि त्याने नजर वळवली, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं.

समोरच्या उतारावरून तोमेझोआबा यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात सेहाची, खांदा एका हाताने दाबून धरत, अस्वलाशेजारी गुडघ्यांवर बसला. पाठमोरा होता. बराच वेळ तो गळ्याखाली चाचपत होता. मग म्हणाला, "आहे."

"काय आहे?" कात्सुमीने विचारलं.

"पांढरा केस. हा बघ. दोन आहेत."

सगळे वाकले. खरंच, काळ्याभोर राठ केसांत दोन पांढरे केस होते. अस्वलाच्या केसांहून बारीक, मऊ आणि जरा कुरळे. सेहाचीच्या डाव्या कानशिलावर रक्ताचा एक ताजा ठिपका होता. तो जनावराच्या पंजाने आला नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला दिसलं.

बुडत्याला काडीचा आधार, इथे तर आठ घरं बुडत होती. मांस जाणार होतं, पित्त जाणार होतं, आणि खोऱ्यातला सगळ्यांत चांगला बंदूकवाला जाणार होता. कात्सुमी म्हणाला, "हो. मलाही दिसतात." दुसरा म्हणाला, उन्हामुळे आधी दिसले नाहीत. तिसऱ्याने मान हलवली. अळीमिळी गुपचिळी. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मांकिची ते दोन केस पाहत उभा राहिला. त्याला ते हवे होते. इतक्या वर्षांत त्याने सेहाचीकडून काही मागितलं नव्हतं, आणि हा माणूस गुडघ्यांवर बसून त्याला सगळं आयुष्य परत देऊ करत होता. नुसतं गप्प बसायचं. देवी माशाच्या शेपटीला फसते, ती दोन केसांना का फसणार नाही? खांद्यावर बंदुकीचं ओझं होतं आणि ते त्याला कधी नव्हे इतकं गोड वाटत होतं.

तोमेझोआबा धापा टाकत आले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. माणसांच्या तोंडांवरून त्यांनी ओळखलं. सेहाचीने केस दाखवले. आबा वाकले, केसांकडे पाहिलं, मग सेहाचीच्या कानशिलाकडे पाहिलं, मग सरळ झाले. ते कडक माणूस म्हणून प्रसिद्ध होते. पण त्यांच्याही घरात सहा तोंडं होती, आणि मांकिचीच्या बापाबरोबर ते तरुणपणी ह्याच डोंगरावर हिंडले होते.

"पांढरा केस आहे, तर चंद्र आहे," आबा हळू म्हणाले. मग त्यांनी अंगरखा नीट केला, डोंगराकडे तोंड केलं, आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "मांकिची, कुठे मारलंस?"

एका शब्दाचं काम होतं. लहानपणापासून ऐकलेला आणि बोललेला शब्द, जिभेवर तयार. सगळ्यांनी श्वास रोखले होते. सेहाची खाली बसल्या बसल्या त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बडबड्या माणसाच्या तोंडावर अशी विनवणी होती की मांकिचीला ती बघवेना.

मांकिची वाकला. दोन बोटांनी त्याने ते केस अलगद उचलले आणि सेहाचीच्या तळहातावर ठेवले.

"हे तुझे आहेत," तो म्हणाला. मग आबांकडे वळला. "आबा, चंद्र नव्हता. मी शोधला. दोनदा शोधला."

"बार टाकण्याआधी?"

"आधी."

"म्हणजे कळून मारलंस."

"कळून मारलं."

कात्सुमी मध्येच म्हणाला की माणसाचा जीव वाचवायला मारलं, ह्यात कसला अपराध, देवीला एवढं कळत नाही का. आबांनी त्याला हाताने थांबवलं. "का मारलं ते देवी विचारत नाही," ते म्हणाले. "फक्त कुणी ते विचारते." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मांकिचीने बंदुकीतलं रिकामं पितळी काडतूस काढलं, खिशातल्या फडक्याने नळी पुसली, बर्फाचं पाणी दस्त्यावरून टिपलं आणि बंदूक त्यांच्या हातांत दिली. द्यायला थोडा उशीर केला, इतकंच.

अस्वल तिथेच पुरलं. बर्फाखालची जमीन गोठलेली होती, कुऱ्हाडींनी फोडावी लागली, आणि संपूर्ण दुपार त्यात गेली. कुणी कुरकुर केली नाही. उतरताना मांकिची सगळ्यांच्या मागे चालला. पायथ्याच्या देवळीत आबांनी बंदूक आडवी ठेवली, टाळ्या वाजवल्या आणि दार लावून घेतलं. गावात आठही घरी माणसं रिकाम्या हाताने परतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माणसं पुन्हा डोंगरावर गेली. जावंच लागणार होतं. मांकिचीच्या नाक्यावर दुसरा कुणीतरी उभा राहणार होता. त्या सकाळी मांकिची अंगणात लाकडं फोडत होता. कधीपासून फोडत होता कोण जाणे. त्याच्या बायकोने दोनदा येऊन सांगितलं की आता पुढच्या हिवाळ्यापुरती झाली, तरी तो थांबला नव्हता. तेव्हा फाटकातून सेहाची आला. खांदा फडक्यात बांधलेला, डोंगराचा पोशाख अंगात नाही.

"तू गेला नाहीस?" मांकिचीने विचारलं.

"नाही. आणि जाणारही नाही. तुम्ही नाही तर मीही नाही." तो ओट्यावर बसला, लगेच उठला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला तोंड उघडायला? आबांनी मानलं होतं. सगळ्यांनी मानलं होतं. मी आपल्या हाताने केस लावले होते, मेव्हणे. तुम्ही नुसतं म्हणायचं होतंत. एक शब्द." त्याचे डोळे भरून आले. "किनू माझ्याशी बोलत नाहीये. म्हणते, तुम्ही दादाचा हात तोडून आणलात. रोज जेवायला वाढते आणि बोलत नाही."

मांकिचीने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. त्याला बोलायची फारशी सवय नव्हती आणि मेव्हण्याशी तर मुळीच नव्हती.

"केस कुणाचे होते?" त्याने विचारलं.

"माझे. दिसत होतंच की."

"आबांना दिसलं, कात्सुमीला दिसलं. मग तिला दिसलं नसतं?" त्याने डोंगराकडे नुसती हनुवटी केली. "तिच्या स्वतःच्या जनावराच्या गळ्यावर तुझी खूण. मी गप्प बसलो असतो तर मला बंदूक मिळाली असती. आणि ती कुणाला शोधत आली असती? पुढच्या वेळी कुणाच्या पायाखालचं बर्फ फोडलं असतं?"

हा विचार सेहाचीला शिवलाही नव्हता. कानशिलावरचे केस उपटताना त्याच्या मनात फक्त मांकिची होता, हे त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं, आणि मांकिचीलाही ते दिसलं. त्याचा आवाज जरा मऊ झाला.

"उद्या जा त्यांच्याबरोबर," तो म्हणाला. "रांगेत राहा, पण जा. किनूला मी सांगतो. बंदुकीत एकच गोळी होती, सेहाची. ती मी तुझ्यासाठी टाकली. तू घरी बसलास तर ती वाया जाईल."